गाडीची नाडी

काळी वायर बॅटरीच्या टोकावर बसवली, पान्यानं एक आटा आवळला, आणि गाडी बोंबलायला लागली. माणूस अशा वेळी दचकतो. माझा नुसता हात दचकला. पाना निसटून रेडिएटरवर आपटला आणि खाली धुळीत पडला. बाकीचा मी बॉनेटखाली वाकून तसाच उभा राहिलो, तो कानठळ्या बसवणारा आवाज ऐकत, दुसऱ्याच कुणाची गाडी असावी तसा. दुपारचे अडीच वाजले असतील. वैशाखाचं ऊन. तेरच्या शीतकरण केंद्राचं आवार, मधोमध लिंबाचं झाड, झाडाखाली आमच्या दूध संघाचे चेअरमन आण्णासाहेब यांची पांढरी अँबॅसिडर. शहाऐंशी साल. दूध आटून वर्ष होत आलं होतं, केंद्राच्या टाक्यांत पाली फिरत होत्या, पण आवाराला कुलूप आणि फाटकावर वॉचमन अजून होता. मी मान वर केली तेव्हा दिसलं, पुढच्या दाराची तिकोनी काच फुटलेली, दार अर्धवट उघडं, टेपच्या जागी चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणाऱ्या तारा. मागच्या सीटवरची आण्णासाहेबांची अटॅची गायब. म्हणजे चोरी होऊन गेली होती, चोर गेला होता, आणि गाडी आत्ता ओरडत होती. मी सीटखालचं चोरबटण दाबून आवाज बंद केला. तोवर शेजारच्या जनावरांच्या छावणीकडून आण्णासाहेब, त्यांचा कारकून ज्ञानोबा, दहाबारा जनावरंवाले आणि फाटकावरून वॉचमन गुलाब बनसोडे, सगळे पळत आले होते. सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता. पुढं जे काही झालं ते एवढ्या एका गोष्टीनं झालं.

आता वायर काढलेली का होती ते सांगायला पाहिजे. बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होतो, आणि ती खडी वाहणाऱ्या ट्रकवर जळकोटचा शरणबसप्पा नावाचा ड्रायव्हर होता. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि शिव्या दोन्हीतल्या. त्यानं मला हातोडीवरून उचलून क्लीनर केलं. त्या काळात बॅटरी मिळायची नाही, नंबर लावून महिने जायचे, म्हणून त्याचा नेम होता की गाडी थांबली की काळी वायर काढायची. पाच मिनिटं चहाला थांबलो तरी काढायची. त्या वायरला तो नाडी म्हणायचा. डॉक्टर मनगट धरून बघतो ती नाडी, असं त्याच्या मनात असावं, पण ऐकणाऱ्याला लेंग्याचीच आठवायची, आणि शरणबसप्पाला ते माहीत होतं. 'बिभीषणा, नाडी काढ की रे' असं तो बायामाणसांच्या देखत खुशाल ओरडायचा. मी पुढं संघात ड्रायव्हर झालो, आधी जीप, मग ही अँबॅसिडर, पण बारा वर्षं ती सवय हातातून गेली नाही. गाडी लावली, उतरलो, बॉनेट उचललं, नाडी काढली. मला त्यात काही करतोय असं वाटायचंच नाही. गुलाबमामा एकटा माझा हा उद्योग बघायचा आणि फाटकावरून विचारायचा, 'सोडली का नाडी?' मी म्हणायचो सोडली. मग तो म्हणायचा, 'आता हिंडू नका लांब, घसरंल.' एवढीच आमची थट्टा, वर्षानुवर्षं तीच, आणि तीच असल्यामुळं बरी वाटायची.

अलार्म आला तो संक्रांतीच्या सुमाराला. आण्णासाहेबांचे मेहुणे दुबईला होते, त्यांनी आणला. तळहाताएवढा काळा डबा, बॉनेटखाली बसवलेला, डब्याला स्वतःची छोटी गोल किल्ली, ती आण्णासाहेबांच्या जुडग्यात. उस्मानाबाद जिल्ह्यात असला डबा दुसऱ्या कुठल्या गाडीला असेल असं मला वाटत नाही. आण्णासाहेब गावोगाव त्याचं कौतुक सांगत सुटले. चोरानं बॅटरी उपटून नेली तरी हा बोंबलतो, ह्याच्या पोटात सोताची बारकी बॅटरी हाय, मोठी तोडली की बारकी जागी होते. छावणीत चाऱ्याच्या पेंढीसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांनाही त्यांनी हे ऐकवलं. माणसं व्हय व्हय म्हणाली. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो, पण ऐकणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. पहिल्याच दिवशी येडशीच्या स्टेशनासमोर गाडी लावली, आण्णासाहेब कुणाच्या तरी जीपमधून रामलिंगला जेवायला गेले, आणि मी सवयीनं नाडी काढली. डबा असा किंचाळला की टांग्याचं घोडं उधळलं. चोरबटण दाबलं, त्यानं काही होईना, कारण हा मोठ्या बॅटरीचा आवाज नव्हता, डब्याच्या पोटातला होता. किल्ली रामलिंगला. घाबरून नाडी परत बसवावी हे सुचलं नाही. मी दोन पोती आणून डब्यावर दाबली, वर बॉनेट घातलं आणि त्यावर बसून राहिलो. अर्धा तास तरी ओरडत होता. मग आवाज घोगरा झाला, मग उचकी लागल्यासारखा तुटत तुटत आला, आणि मेला. आण्णासाहेब आले तेव्हा सगळं शांत. मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगायचं? तुमचा दुबईचा डबा मी एका दुपारीत मारला?

त्यानंतर मी नाडी काढली की डबा एकदा आत कुरकुरायचा आणि गप्प व्हायचा. गाडी चालताना त्याच्या पोटात काही थोडं भरत असेल, ते त्या कुरकुरण्यात संपून जायचं. म्हणजे हिशोब सरळ होता. नाडी लावलेली असली तर अलार्म वाजणार, मोठ्या बॅटरीवर. नाडी काढली तर गाडी मुकी, कुणी दार उघडा, काच फोडा, काही करा. आणि नाडी परत लावली की त्याला एकदम जाग यायची, आणि दार उघडं असलं की तो तेव्हा बोंबलायचा. हे जगात फक्त मला माहीत होतं. गुलाबमामाला डबा मेल्याचं माहीत नव्हतं, पण नाडी काढलेली असते एवढं त्याला माहीत होतं.

त्या दुपारी मी घरी गेलो होतो. घर म्हणजे काय, तेरलाच कुंभारवाड्याच्या मागं दोन खोल्या, कुलूप घातलेल्या. माझी बायको मालन चैत्रात गेली, कावीळ झाली होती. मी आण्णासाहेबांबरोबर मुंबईला होतो, तार मिळाली, आलो तोवर तिला बाहेर काढून ठेवलं होतं, माझ्यासाठी थांबवलेली. चार माणसं रडत होती. मी तिच्या पायाशी उभा होतो आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की गाडी उन्हात लावलीय, सीट तापेल. भावकीतली पुतळावहिनी मला म्हणाली, 'रडा भावजी, रडल्याबिगर मोकळं होत न्हाय.' मी प्रयत्न केला. तोंड वाकडं केलं, पण आत काही हललं नाही. लोकांनी मागून म्हटलं, दगड आहे दगड. म्हणू देत. तेव्हापासून तेरला गाडी आली की मी घरी जायचो, कुलूप काढायचो, तिच्या शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसायचो, तासभर, आणि परत कुलूप लावून यायचो. रडायला नाही. काही आठवायलाही नाही. यंत्रावर एक ब्लाऊज अर्धा शिवून राहिला होता, शेजारच्या मल्लम्माचा, ती कधी मागायला आली नाही आणि मीही दिला नाही. सुई कापडात तशीच. मी ती सुई बघत बसायचो. तिथून उठवणारी एकच गोष्ट होती, की गाडीपाशी परत जायचं असतं. आम्हाला मूल नव्हतं. शेत दीड एकर, त्यात त्या वर्षी तण सुद्धा उगवलं नाही. ही नोकरी गेली तर मला उपाशी मरायची भीती नव्हती, कुणीतरी भाकर टाकली असती. भीती ही होती की मला त्या स्टुलावरून उठवायला काही राहणार नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथंच. हे मी त्या दिवसांत स्वतःशीसुद्धा नीट बोललो नव्हतो, पण अंगाला ते ठाऊक होतं.

तर आवारात सगळे जमलेले. आण्णासाहेब फुटक्या काचेकडे बघत होते. तसा माणूस वाईट नव्हता. छावणीत जनावर मेलं तर स्वतः जाऊन उभा राहायचा. पण त्या डब्यावर त्यांचा फार जीव होता. ते गुलाबमामाला म्हणाले, अलार्म वाजतोय, आम्ही तिकडं छावणीत ऐकला, म्हणजे चोरानं काच फोडली तेव्हाच तो वाजला, तू कुठं होतास? मामा म्हणाला, फाटकावर होतो, मागच्या कुडाकडून कोण आलं ते दिसलं न्हाय, पर चोरी झाली तवा वाजला न्हाय. आण्णासाहेब म्हणाले, वाजला नाही असं होतच नाही, बॅटरी काढली तरी वाजतो तो. म्हणजे एक तर तू झोपला होतास, नाहीतर तुला ठाऊक होतं कोण येणार ते. जमलेल्यांत कुणीतरी हळूच म्हणालं, त्यांच्या वस्तीत बघा जरा. ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच ऐकलं नाही असं केलं. मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही की बिभीषण, तू कुठं होतास, गाडी तर तुझ्या ताब्यात. माझं आडनाव आणि माझी आळी संशय घ्यायच्यातली नव्हती.

मामानं माझ्याकडं बघितलं. मग आण्णासाहेबांना म्हणाला, "साहेब, गाडीची नाडी काढल्याली हुती."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग जनावरवाल्यांतला एक फिसकन हसला, आणि मग सगळेच. गाडीची नाडी म्हणे. ज्ञानोबा तर डोळे पुसायला लागला, आण्णासाहेबही हसले, त्या काचेपुढं उभे राहून. तो शब्द शरणबसप्पाचा, माझा आणि मामाचा. शरणबसप्पा तिकडं जळकोटला. म्हणजे त्या आवारात मामाशिवाय त्याचा अर्थ ठाऊक असलेला, आणि ज्याचं ऐकलं गेलं असतं असा, मी एकटा होतो. आण्णासाहेबांनी मला विचारलं, काय म्हणतोय रे हा? आणि मी हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो. दात दिसले असणार. म्हणालो, काही नाही आण्णासाहेब, मामाचं आपलं असंच असतंय. एवढं बोलायला किती वेळ लागतो? तेवढ्याच वेळात दुसरंही बोलता आलं असतं. मामानं पुन्हा तो शब्द काढला नाही. त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि टोपी परत घातली.

आण्णासाहेबांनी ठरवलं, बुधवारी संचालकांना बोलवायचं आणि सगळ्यांसमोर वायर काढून अलार्म वाजवून दाखवायचा. वाजला तर गुलाबनं लिहून द्यायचं की मी ड्युटीवर झोपलो होतो, आणि नोकरी सोडून घरी जायचं. लिहून दिलं नाही तर प्रकरण पोलिसांत. हे त्यांना दयेचं वाटत होतं, आणि तसं पाहिलं तर होतंही. मामाची चौदा वर्षांची नोकरी. छप्पन साली त्याच्या बापानं घरातले देव तेरणेत सोडले आणि पोराला शाळेत घातलं, सातवीपर्यंत. संघात त्यांच्या वस्तीतला पहिला पगारी माणूस तो. थोरली लेक उस्मानाबादला डी.एड. करत होती, तिच्या वसतिगृहाची खोली, पुस्तकं, सगळं ह्या फाटकावर चाललेलं. हे मला माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं, माहीत असण्याची काही कमी नव्हती.

रविवारी चोरी झाली. सोमवारी आणि मंगळवारीही आम्ही छावणीसाठी तेरला आलो. मामा फाटक उघडायचा, नेहमीसारखा सलाम करायचा. मी गाडी लिंबाखाली लावायचो. तो तिथूनच बघत उभा राहायचा. विचारायचा नाही. थट्टाही नाही. नुसता थांबायचा, मी उतरेपर्यंत, आणि उतरल्यावरही थोडा वेळ. मला वाटलं, बोलेल, तुमी हे केलं अन् ते केलं म्हणून शिव्या देईल, म्हणजे मलाही उलटून काही बोलता येईल. तो नुसता सलाम करत राहिला. आणि मी त्या तीन दिवसांत बारा वर्षांत पहिल्यांदा नाडी काढली नाही. कुणी बघितलं तर? बॉनेटला हातसुद्धा लावायचा नाही असं ठरवून टाकलं. हात शिवशिवायचा, मी तो खिशात घालायचो. रात्रंदिवस वायर लावलेलीच.

मंगळवारी दुपारी स्टुलावर बसलेलो असताना मला उपाय सुचला. सुचला म्हणजे, तो समोरच होता. बुधवारी वायर मीच काढणार. काढली की डबा कुरकुरणार आणि गप्प होणार. सगळे बघतील. आण्णासाहेबांना कळेल की डबा मेलाय, दुबईचा माल फसवा निघाला, वाजलाच नसणार, गुलाब खरं बोलत होता. मला तोंड उघडावं लागणार नाही. माझीही नोकरी राहील, मामाचीही. वायरच बोलेल सगळं. मला इतकं हलकं वाटलं की मालन गेल्यापासून पहिल्यांदा मी त्या खोलीत पाणी प्यायलो, मल्लम्माकडून तांब्याभर मागून. मामाला जाऊन सांगावं असंही मनात आलं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, येडशीपासून, आणि उद्या तर आपोआप होणारच होतं. मग कशाला?

बुधवारी दहा वाजता लिंबाखाली लोखंडी खुर्च्या मांडल्या. चार संचालक, आण्णासाहेब, ज्ञानोबा मांडीवर कागद घेऊन. कागद आधीच लिहून आणला होता, खाली सहीची जागा मोकळी. मामा खाकी शर्ट घालून उभा होता. गावात घागरभर पाण्यासाठी भांडणं होत होती आणि त्यानं शर्ट धुतलेला होता, घडी मोडलेली दिसत होती. आण्णासाहेब म्हणाले, बिभीषण, काढ वायर. मी बॉनेट उचललं. पाना लावायच्या आधी मी मामाकडं बघितलं आणि डोळ्यानं खूण केली, बारीकशी, की बघा आता. त्याला ती कळली. तो सरळ उभा राहिला, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मी आटा सोडला आणि नाडी उचलली.

डबा किंचाळला. येडशीला किंचाळला होता त्याहून जोरात, मोकळ्या गळ्यानं, न थांबता. लिंबावरचे कावळे उडाले. मी वायर हातात घेऊन उभा होतो आणि तेव्हा मला कळलं, शांतपणे, जसं गणित कळतं तसं. तीन दिवस मी वायर काढली नव्हती. तीन दिवस, तीन रात्री मोठी बॅटरी त्या बारक्या बॅटरीला पाजत राहिली होती. माझ्या भीतीनं तिचं पोट भरलं होतं. आता ती तासभरही ओरडली असती. संचालक कानावर हात ठेवून हसत होते आणि माना डोलवत होते, आहे बुवा, आहे. मी मामाकडं बघितलं नाही. आण्णासाहेबांनी गोल किल्ली डब्यात फिरवली आणि आवाज थांबला. छावणीतली जनावरं हंबरत होती, ती मग ऐकू आली.

"आता बोल," आण्णासाहेब मामाला म्हणाले. "काय सांगायचंय तुला?"

मामानं बोट वर केलं नाही, हात जोडले नाहीत. माझ्याकडं मान वळवून म्हणाला, "ह्यांना इचारा. ह्यांना ठावं हाय."

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या हातात अजून वायर होती. त्या क्षणी सांगता आलं असतं, की नाडी म्हणजे ही, मी काढली होती, डबा तेव्हा मेलेला होता, आज भरलाय. पण मला असं वाटलं की आता कोण खरं मानणार? यंत्रानंच सगळ्यांसमोर सांगितलंय. मी सांगितलं तर मी खोटा ठरेन आणि मामाचंही काही भलं होणार नाही. हे सगळं झरझर डोक्यातून गेलं आणि माझ्या अंगावरून ओझं उतरलं. लाज मला ह्याची वाटते. खोटं बोलल्याची नाही तेवढी, त्या सुटल्यासारखं वाटण्याची. मी म्हणालो, "वाजला की, आण्णासाहेब. सगळ्यांनी ऐकलं."

ज्ञानोबानं कागद पुढं केला. मामानं तो उभ्यानंच वाचला, ओळीवर बोट ठेवून, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. संचालकांतला एक घड्याळ बघायला लागला. मग मामानं सांगितलं की बनसोडेचं बनसुडे झालंय, तेवढं नीट करा. ज्ञानोबानं खोडून नीट केलं. मामानं त्याखाली सही केली, पूर्ण नाव, वळणदार. माझीही साक्षीदार म्हणून सही घेतली. मग त्यानं शिट्टी, टॉर्च, काठी आणि फाटकाच्या दोन किल्ल्या खुर्चीवर ठेवल्या. आण्णासाहेब म्हणाले, गुलाब, मनात काही ठेवू नको, कुठं काम निघालं तर कळवतो. तो बरं म्हणाला. संचालक चहाला आत केंद्रात गेले.

मी नाडी परत बसवली. आटा आवळला, पुन्हा एकदा आवळला, उगाच. मामा फाटकाकडं निघाला होता. जाताना त्याची वाट माझ्याजवळून होती. मी म्हणालो, थांबा, वस्तीपर्यंत सोडतो, ऊन आहे. माझ्याच आवाजाची मला किळस आली. तो थांबला. एवढ्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं, मधे नेहमी फाटक असायचं. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मला वाटलं आता थुंकेल. थुंकला असता तर मला काही झालं असतं, कदाचित रडूही आलं असतं, चैत्रापासूनचं सगळं. तो हळूच बोलला, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणजे तेव्हासुद्धा त्यानं माझी अब्रू सांभाळली.

"बिभीषणराव, आता सगळं गाव म्हनंल त्यानंच टेप इकला. लेकीला बी म्हनतील. म्या तसा न्हाय हे ठावं असल्यालं माणूस आक्ख्या जगात येकच हाय." त्यानं माझ्या छातीकडं बोट केलं, लावलं नाही. "ते तुमी हाय. तवा जपून ऱ्हावा."

मी मान हलवली. तो गेला. आतून आण्णासाहेबांनी गाडी काढायला सांगितलं, आणि मी गाडी काढली.